अर्धं मशीन अण्णांचं, अर्धं नानांचं

आमच्या दुकानात येणारा नवा गिऱ्हाईक आधी आत डोकावतो, मला बघतो आणि विचारतो, "भैया कहाँ हैं?" भैया म्हणजे माझे यजमान. ते बँकेत होते, आता निवृत्त होऊन घरी पेपर वाचत असतात. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की उघडतो, हे त्यांना अजून हवेत बोट फिरवून आठवावं लागतं. मी सांगते, "भैया घर पे हैं, मशीन यहाँ ठीक होती है." मग तो मनुष्य बाहेर जाऊन पाटी पुन्हा एकदा वाचून येतो. मी तोवर त्याचं मशीन उघडलेलं असतं.

माधव नगरातलं हे दुकान माझ्या वडिलांचं. भावानं सरकारी नोकरी धरली, मी पाना धरला. माझ्या आयुष्याचा इतिहास एवढाच आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मागणी आली तेव्हा 'स्त्री आणि यंत्र' अशा विषयावर लिहा, असं सुचवण्यात आलं होतं. मी म्हटलं, त्यापेक्षा अण्णा-नानांच्या मशीनबद्दल लिहिते. त्यात स्त्रीही आहे, यंत्रही आहे, आणि वाचणाऱ्याला झोप येणार नाही.

आमच्याकडे फवारणीचे पंप येतात, गवत कापायची मशीनं येतात, पण माझा खरा जीव चेन-सॉवर. झाड कापायचं मशीन. इकडचे लोक त्याला लकडी कटर म्हणतात. त्याचे ढोबळ दोन भाग. मागे इंजिन, टाकी आणि मूठ; पुढे लांबट लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीच्या कडेनं सायकलच्या चेनसारखी पण दात असलेली चेन गरगर फिरते. हे दोन भाग वाचकांनी नीट लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यावरूनच झाला.

या इंजिनात पेट्रोलमध्ये थोडं खास तेल मिसळावं लागतं. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन. तरी एका गृहस्थांनी घाणीवरचं शेंगदाण्याचं तेल घातलं. का, तर ते शुद्ध आहे. मशीन सुरू केलं तर गल्लीभर भज्यांचा वास सुटला आणि समोरचा दुकानदार प्लेट किती रुपयांना म्हणून विचारायला आला. एक साधूमहाराज आले होते, त्यांना आश्रमासाठी आवाज न करणारं मशीन हवं होतं. मी त्यांना कुऱ्हाड दाखवली. ते नाराज झाले नाहीत, म्हणाले, "बात तो सही है, माता."

आणि दसरा! दसऱ्यानंतर आमचा धंदा जोरात चालतो. खंडेनवमीला सगळे जण आपापल्या मशीनची पूजा करतात, आणि देवाला वाहावं तसं अगदी मनापासून, वरून, मुठीनं वाहतात. अक्षता, हळद-कुंकू, झेंडूच्या पाकळ्या सगळं हवेच्या जाळीतून आत. मशीनला श्वास घ्यायला तीच जागा. मग ते गुदमरतं आणि माझ्याकडे येतं. मी आजवर मशीनच्या नाकातून जेवढे तांदूळ काढले आहेत, तेवढ्यात एखादी पंगत उठली असती. पूजा करू नका असं मी कधीच म्हणत नाही. फक्त म्हणते, पायाची पूजा करा, नाकाची नको. कोणी ऐकत नाही.

पण लोक मला ओळखतात ते दुरुस्तीपेक्षा माझ्या शब्दासाठी. जुनं मशीन विकत घ्यायचं असेल तर देवास-तराण्यापर्यंतचे लोक ते घेऊन आधी माझ्याकडे येतात. मी बघते आणि दोनांतलं एक सांगते: "ले लो" किंवा "रेन दो", म्हणजे घ्या किंवा राहू द्या. यात भीड नाही, मुरव्वत नाही. माझ्या सख्ख्या नंदेचे यजमान आपला फवारणीचा पंप विकत होते, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी त्याला भंगार म्हटलं. ते त्या वर्षी आमच्या गणपतीला आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण पंप भंगारच होता. बाईमाणूस या धंद्यात उभी राहते ती याच एका गोष्टीवर. पुरुषाचं एखादं चुकलं तर लोक म्हणतात, मशीनच बेकार होतं. माझं चुकलं असतं तर म्हणाले असते, बाई आहे.

तर एका वर्षी पावसाळा संपता संपता बनेसिंग आला. जुना गिऱ्हाईक, तराण्याकडचा शेतकरी. वादळात त्याच्या बांधावरची निलगिरीची झाडं आडवी झाली होती.

"दीदी, एक पुरानी मशीन मिल री है. आधी."

"आधी मतलब?"

"आधी नानाखेडा में है," तो म्हणाला, "और बाकी आधी भी नानाखेडा में है."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल. नव्हतं फिरलं.

नानाखेड्याच्या एका कॉलनीत अण्णा आणि नाना हे दोघे सख्खे भाऊ राहतात. अण्णा वीज खात्यातून निवृत्त झालेले, नाना शाळामास्तर होते. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली आणि मधोमध भिंत उठली. वाटणी करायला मामांना बोलावलं होतं. मामांचं तत्त्व असं की, अन्याय नको, प्रत्येक वस्तूचे दोन भाग झाले पाहिजेत. झाले. मिक्सरची मोटर अण्णांना, भांडी नानांना. कुकर अण्णांना, शिट्टी नानांना. पाटा एकाला, वरवंटा दुसऱ्याला. आणि वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेला चेन-सॉ होता, त्याचं इंजिन अण्णांना आणि पट्टी-चेन नानांना. मामा समाधानानं गावी गेले. दोघा भावांनी नवे मिक्सर आणले, नवे कुकर आणले आणि एकमेकांशी बोलणं सोडलं. भांडण नेमकं कशावरून झालं, हे दोघांनाही धड सांगता येत नाही.

आता दोघांनाही आपापला भाग विकायचा होता. पण माझा नियम आहे, जोडून आणि चालवून बघितल्याशिवाय मी मत देत नाही. तेव्हा एका रविवारी सकाळी अण्णा रिक्षातून इंजिन घेऊन आले. थोड्या वेळानं नाना स्कूटरवरून, पट्टी जुन्या धोतरात गुंडाळून. एकानं कॅलेंडरकडे तोंड केलं, दुसऱ्यानं रस्त्याकडे.

मशीन बघून मला हसू आलं. ज्या देशात ते बनलं, तो देश आता नकाशावर नाही. रंग शेवाळी, वजन एखाद्या आडमुठ्या म्हशीचं, मूठ भलतीकडेच. हे मॉडेल बाजारात आलं तेव्हाही कोणी घेत नव्हतं. सुरू व्हायला नखरे, धूर भरपूर, आणि सुटा भाग मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत राहायचा. माझे वडील त्याला 'जावई' म्हणायचे, कारण त्याला हाताळताना फार सांभाळावं लागायचं.

जुनं मशीन कसं बघायचं ते सांगते, उपयोग होईल. सुरू करायच्या दोरीची मूठ हातात धरायची आणि मशीन हवेत लोंबकळू द्यायचं. सर्रकन खाली गेलं तर त्याचा दम संपला आहे. झटके खात, अडत अडत उतरलं तर इंजिन तरुण आहे. हे मशीन खाली उतरायलाच तयार नव्हतं. मग सायलेन्सर काढून आत पिस्टन बघायचा. त्यावर उभे ओरखडे असतील तर हात जोडायचे. याचा पिस्टन आरशासारखा. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं हवं, तर तेही तसंच. मी मनात म्हटलं, अगं बाई, हा जावई तर गुणी निघाला.

"सुरू करते," मी म्हटलं.

"थांबा," अण्णा म्हणाले. खिशातून पुडी काढली आणि मी अडवायच्या आत इंजिनावर अक्षता टाकल्या. "इतक्या वर्षांनी सुरू होऊन राहिलं आहे, असं कोरडं कसं करायचं?"

पहिला रविवार तांदूळ वेचण्यात गेला.

दुसऱ्या रविवारी अण्णांनी पूजा घरूनच करून आणली, पण नानांनी चेन उलटी चढवली. मी सांगितलं, दात पुढच्या बाजूला हवेत. ते म्हणाले, "वडील अशीच लावायचे, वसुधाताई." चेनीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. उलट्या चेननं लाकूड कापलं जात नाही, नुसतं भाजलं जातं. ओंडक्यातून धूर निघाला. अण्णा कॅलेंडरला म्हणाले, "वडील अशी कधीच लावत नव्हते." नाना रस्त्याला म्हणाले, "वडील मला शिकवायचे, सगळ्यांना नाही." माझ्या दुकानात त्या दोघांचं हे पहिलं संभाषण.

तिसऱ्या रविवारी तर कहर झाला. इंजिन माझं, मीच धरणार, असं अण्णा म्हणाले. पट्टी माझी, ती कुठे टेकवायची ते मी ठरवणार, असं नाना म्हणाले. मी क्षणभर प्लग आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर अण्णा मूठ धरून, दोरी ओढायच्या तयारीत उभे, नाना पुढे वाकून पट्टीला हात घालताहेत, आणि बनेसिंग डोळे मिटून महाकालचं नाव घेतोय. मी जी ओरडले! आमच्या गल्लीतला कुत्रा त्या दिवसापासून दुकानासमोरून जात नाही.

"तुमच्यापैकी एकाचा हात तुटला तर त्याचीही वाटणी करणार का?" मी विचारलं.

दोघांनी माना खाली घातल्या. मग अण्णा मला म्हणाले, "त्यांना सांगा, बोटं सांभाळा म्हणावं." नाना हातभर अंतरावर उभे होते. मी सांगितलं. नाना म्हणाले, "त्यांना सांगा, त्यांनीच आधी चष्मा घालावा." तेही सांगितलं. यजमानांना हे घरी सांगितलं तर ते म्हणाले, "तू मेकॅनिक आहेस की टेलिफोन?"

दर वेळी काम संपलं की पट्टी उतरवायची, दोघांनी आपापला भाग उचलायचा आणि वेगवेगळ्या वाटांनी एकाच घरी जायचं. मी म्हणायचे, मशीन जोडलेलंच राहू दे इथे. त्यावर दोघंही एकदम नाही म्हणायचे. तेवढी एकच गोष्ट त्यांची एकमतानं व्हायची.

बनेसिंगला घाई नव्हती, लाकूड पडलेलंच होतं. पण माझं मत आता तयार होतं. चेनची मला खरी धास्ती होती, कारण असलं मशीन अडतं ते तिथेच. पण दातांचं माप हल्ली मिळणाऱ्या चेनच्या रोलशी जुळलं. हव्या त्या लांबीची कापून जोडता आली असती. पट्टीची खाच सरळ होती. पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून मशीन रेज केलं, म्हणजे जोरात पळवलं, तर तेलाची बारीक रेघ उठली, म्हणजे चेनला तेलही पोचत होतं. वर्षातून दोन-चार झाडं कापणाऱ्या माणसाला याहून चांगलं मशीन मिळणार नव्हतं. येत्या रविवारी "ले लो" म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

मधेच बुधवारी दुपारी नानांची बायको, मालतीवहिनी, दुकानात आली. स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, त्या बनेसिंगला सांगून टाका की मशीन फालतू आहे."

मी पाना खाली ठेवला.

"आमच्या जाऊबाई गेल्यापासून," ती बोलता बोलता अडखळली, "भाऊजी बोलतच नाहीत हो कोणाशी. दूधवाल्याला बोटानं सांगतात. मी रोज ताट नेऊन ठेवते. रिकामं ताट परत येतं, शब्द येत नाही. आम्ही रात्री भिंतीला कान लावून बघतो, पंख्याचा आवाज तेवढा येतो. आणि आता हे मशीनचं सुरू झालं. रविवारी घरी आले की भिंतीशी उभे राहून ओरडतात, पट्टीला तेल लाव म्हणावं! आमचे हे इकडून तुळशीकडे बघून ओरडतात, आधी कार्बोरेटर साफ करा म्हणावं! परवा तर भाऊजी हसले, ताई. मी ऐकलं. मशीन विकलं गेलं की संपलं सगळं. ते पुन्हा गप्प होतील, आणि या वेळी..."

मी म्हटलं, "वहिनी, मला खोटं सांगता येत नाही."

"एकदाच."

"एकदाही नाही."

ती उठली. रागावली नाही, त्यामुळे मला जास्त टोचलं. "तुमचं बरोबर आहे," म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

मी त्या आठवड्यात नीट जेवले नाही. बनेसिंगचं काय बिघडणार होतं? त्याला दुसरं मशीन मिळालं असतं. एक "रेन दो" म्हणायचं, दोन शब्द. पण मनात यायचं, आज एका चांगल्या मशीनला वाईट म्हटलं, तर उद्या वाईटाला चांगलं म्हणायला कितीसा वेळ लागेल? आणि लगेच दुसरं मनात यायचं, काय करायचं आहे असल्या खरेपणाचं, ज्यानं एक म्हातारा माणूस पुन्हा मुका होईल? यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "तू जे करशील ते बरोबरच असेल." बँकेतली माणसं अशीच उत्तरं देतात.

रविवार उजाडला. मशीन जोडलं. दोरी ओढताच सुरू झालं. इतके दिवस नखरे करणारं ते, त्या दिवशी शहाण्यासारखं वागलं. ओंडका लोण्यासारखा कापला गेला. बनेसिंगनं माझ्याकडे बघितलं.

"तो दीदी? ले लूँ कि रेन दूँ?"

मी अण्णांकडे बघितलं. ते कॅलेंडरकडे बघत होते, पण हात इंजिनावर होता. आणि मी म्हटलं, "ले लो. बढिया मशीन है."

बोलले, आणि त्याच क्षणी मला स्वतःचा भयंकर राग आला.

बनेसिंग खिशात हात घालणार, तेवढ्यात अण्णा खाकरले.

"गरम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"इंजिन गरम होतं. थोड्या वेळानं बंद पडतं. आधीच सांगितलेलं बरं."

"नाही पडत बंद," मी म्हटलं. "मी स्वतः चालवलं आहे."

"तुमच्याकडे नाही पडत. घरी पडतं."

"घरी तुमच्याकडे पट्टीच नाही!"

आता नाना पुढे आले. "पट्टी वाकडी आहे, वसुधाताई."

"सरळ आहे! मी दोरा लावून बघितली आहे!"

"दिसते सरळ. कापताना वाकते. आणि चेन तर काय, पुरानी आहे, कधी तुटेल भरोसा नाही. भैया, आप मत लो, आपके हाथ-पाँव का सवाल है."

"चेन नवी जोडून मिळते," मी ओरडले. "और मशीन एक नंबर है, बनेसिंग!"

"भंगार आहे," अण्णा म्हणाले.

"एकदम भंगार," नाना म्हणाले. "अण्णा बरोबर बोलून राहिले आहेत."

अख्ख्या कारकिर्दीत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. विकणारा म्हणतो मशीन छान आहे, आणि मी म्हणते खराब आहे, हे रोजचंच. इथे मी मशीनचे गुण गातेय आणि मालक ते भंगार म्हणून हट्ट धरून बसलेत! आणि विकायचं नाही असं सरळ म्हणायलाही दोघं तयार नाहीत. मला इतका संताप आला की मालतीवहिनीचं बोलणं मी साफ विसरले. मी पिस्टन पुन्हा उघडून दाखवते म्हटलं. मी दोरीला मशीन टांगून दाखवलं. अण्णा म्हणाले, दोरी कमजोर आहे, तुटेल.

बनेसिंगनं आळीपाळीनं तिघांकडे बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, बुरा मत मानना. जिनकी मशीन है, वोई मना कर रे हैं. आप आराम करो थोड़ा." आणि गेला. पुढे त्यानं इंदूरहून नवं मशीन आणलं, आणि दीदींची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, असं तराण्यात सगळ्यांना सांगितलं. त्या बाजूचे गिऱ्हाईक बरेच दिवस आले नाहीत. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. माझं मत शंभर टक्के बरोबर होतं.

तो गेला. मग नानांनी पट्टी सोडवायला पाना उचलला. अण्णा त्यांना म्हणाले, त्यांना, मला नव्हे, "राहू दे रे. सारखी काढ-घाल करून आटे जातात."

नानांनी पाना ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, मी ग्रीसचा हात लागला असं म्हणून तोंड धुवायला आत गेले.

आता मशीन माझ्याच दुकानात असतं, जोडलेलं. घरी कोणाच्या बाजूला ठेवायचं, यावर अजून त्यांचं एकमत नाही. दर रविवारी दोघं एकाच स्कूटरवरून येतात आणि विचारतात, "वसुधाताई, झालं का ठीक?" अण्णा आता भरपूर बोलतात. खरं तर जरा जास्तच बोलतात.

मशीनमध्ये काहीएक बिघाड नाही. तेव्हाही नव्हता. पण मी ते उघडते, डोळ्यांजवळ नेते, मान हलवते आणि गंभीरपणे सांगते, "नाही हो, अजून एक खोट दिसतेय. पुढच्या रविवारी बघू."